शनिवारी ऱ्हस्व-दीर्घाचा सराव

सर्व ताई-दादांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता बालवर्गाच्या खोलीत ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा सराव आहे. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या सर्वांनी यायचंच आहे.

पाटी-खडू लागणार नाही, आधी कान तयार करायचा. ऱ्हस्वाला चुटकी, दीर्घाला हात लांब ओढायचा: फूल–फुलं, वीट–विटा, मूल–मुलं. अनेकवचनात स्वर आखूड होतो, हे मुलं ऐकून पटकन पकडतात. 'दिन–दीन' मात्र सध्या नकोच. हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात कुठे असतात?

- येताना अशा पाच जोड्यांची चित्रं आणा.
- वेलांटी-उकाराचे नियम इतक्यात काढू नका.
- उच्चार ओढूनताणून नको, नेहमीसारखंच बोला.

जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.