‘थांबा’ म्हटल्यावर थांबणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुम्ही निवृत्त होताय असं कळलं आणि वाटलं, आता तरी लिहायलाच हवं. ज्यांची बाळंतपणं तुम्ही केलीत, त्या तुमचे आभार चारचौघांत मानतात. बाळ कडेवर घेऊन येतात, तुमच्याबरोबर फोटो काढतात. पण गाठी, महिनोन्‌महिने न थांबणारं अंगावरून जाणं, बाहेर आलेलं अंग यांतून तुम्ही ज्यांना सोडवलंत, त्या तुमचं नाव एकमेकींच्या कानातच सांगतात. मी त्यांच्यातलीच. म्हणून हे पत्र मुद्दाम उघडं.

माझं दुखणं पाळीचं. ‘सगळ्यांनाच दुखतं’ इथून सुरुवात झाली. मग ‘लग्न झालं की थांबेल’, आणि लग्नानंतर ‘एक मूल होऊ दे’. सोनोग्राफी नॉर्मल आली की समोरच्या डॉक्टरांचा चेहरा खुलायचा, जणू मी खोटं बोलताना सापडले. एकांनी तर माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, “घरी काही टेन्शन आहे का?” दुसऱ्यांनी पिशवीच काढून टाकायचं सुचवलं, कटकट मिटेल म्हणे. माझ्या आजारात पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो आणि पिशवी काढूनही उरू शकतो, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. एन्डोमेट्रिऑसिस हे नावही तिथेच पहिल्यांदा ऐकलं. जगात मूल होण्याच्या वयातल्या दहातल्या साधारण एकीला तो असतो, म्हणजे जवळपास १९ कोटी जणी. इतक्या जणींच्या घरी टेन्शन आहे तर!

तुम्ही तासभर माझं ऐकून घेतलंत असं लिहिणार नाही, बाहेर रांग होती. पण शौचाला बसताना दुखतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, हे तुम्ही विचारलंत. त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं.

आणि मग तो पडदा. तो तुम्ही स्वतः ओढलात, कोपऱ्यात फट राहिली तर परत जाऊन तीही बंद केलीत. हातमोजे घालता घालता म्हणालात, “काय करणार ते आधी सांगते. थांबा म्हणालात की थांबेन.”

मी थांबा म्हणाले. दुखलं म्हणून नाही, तुम्ही खरंच थांबता का ते बघायला.

तुमचा हात तत्क्षणी मागे गेला. “अहो, अजून काही केलंच नाही” असं तुम्ही म्हणाला नाहीत. नर्सकडे बघून हसला नाहीत. माझ्या गुडघ्यांवरची चादर नीट केलीत आणि नुसत्या उभ्या राहिलात. शेवटी मीच म्हणाले, “करा.” त्या टेबलावर माझ्या शरीराबद्दल माझं कुणी ऐकलं, ते त्या दिवशी.

ऑपरेशनबद्दल काय लिहू, मी भुलीत होते. नंतर तुम्ही स्क्रीनवर दाखवलंत, अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, आणि गर्भाशयामागे चिकटलेलं आतडं. म्हणालात, “बघा, तुम्ही बोट ठेवत होतात तिथेच आहे.” तेव्हा मी रडले, आणि ते दुखण्याचं रडणं नव्हतं. आणि ‘बाळंतपणाचे डॉक्टर ते काय सर्जन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की दुर्बिणीतून पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं ते १९८० साली, जर्मनीतल्या कील शहरात, कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानेच. सर्जन मंडळींनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं.

पुढे एकदा दाखवायला आले तर तुमचे डोळे लाल होते. रात्री एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, असं सिस्टरांनी सांगितलं. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे अशा वेळी घड्याळाकडे बघायलाही सवड नसते. तिला वाचवून तुम्ही थेट ओपीडीत आला होतात. मला वाटलं, आज तरी चिडतील, आज तरी घाई करतील. पण पडदा ओढलात, फट बंद केलीत, तेच वाक्य म्हणालात.

म्हणूनच ‘पेशंट फार असतात हो, वेळ कुठे असतो’ ही सबब मला आता पटत नाही. तुमच्याकडेही तीच गर्दी, वर रात्रीचं जागरण. ज्यांनी मला परत पाठवलं त्यांच्याकडे ज्ञान कमी होतं असंही नाही, भिंतीवर पदव्या बऱ्याच होत्या. समोरच्या माणसाचं खरं मानायला वेगळी पदवी लागत नाही. हे फक्त डॉक्टरांचंच नाही म्हणा. कुठल्याही खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला ते जमू शकतं, आणि जमतं तेव्हा समोरच्याचा अर्धा दिवस हलका होतो.

दुखणं परत येऊ शकतं, हे तुम्ही लपवलं नाहीत. त्यामुळे तुमच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. मला ‘थांबा’ म्हणायची सवय लागलीय, तेवढी त्यांना कल्पना देऊन ठेवा.

तुमची,
एक पेशंट