बारवर कामाला लागलेल्या मुलास

फोंडा

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

कळंगुटच्या हॉटेलात तुला बारवर घेतलं म्हणून बाबा थोडे नाराज आहेत, मी नाही. कष्टाचं काम आहे. पण तुझी आई जन्मभर वॉर्डात परिचारिका होती. फोनवर तू "हो गं" म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून लिहून पाठवते.

आपल्याकडे मार्च-एप्रिलात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, निघतो, लग्नकार्यात ग्लास पुढे येतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातले सुमारे ३७ टक्के पुरुष दारू पिणारे निघाले, देशाच्या जवळजवळ दुप्पट. तू पिऊ नयेस असंच मला वाटतं. यकृत बिघडतं, कर्करोगाचा धोका वाढतो, हे तुला ठाऊक आहे.

मला खरी काळजी आहे ती एका वाक्याची: "झोपू दे त्याला, सकाळी उतरेल." शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते, म्हणून झोपलेल्या माणसाची नशा आणखी चढू शकते. अशात उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, कारण खोकून बाहेर टाकण्याचं भान शरीराला उरत नाही. हाका मारून, खांदे हलवून जागा होत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर लगेच १०८ लाव. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळव, वरचा गुडघा पुढे घे, आणि एकटं सोडू नकोस. कॉफी, थंड आंघोळ, मिठाचं पाणी यांतलं काहीही नको.

किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत नशेच्या गोळ्याही फिरतात. गोळीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. काहींनी अंग भयंकर तापतं. झोपेच्या किंवा अफूच्या जातीच्या औषधावर दारू पडली की श्वासच मंदावतो. पोलिसांच्या भीतीने मुलं डॉक्टरांपुढे गप्प राहतात. तू राहू नकोस. काय घेतलं ते स्पष्ट सांग, उपचार त्यावरच ठरतात.

आणखी एक. श्रावण लागला की आमच्या वॉर्डात फिट आलेले पुरुष यायचे. रोज पिणारे, व्रतासाठी एका दिवसात बंद केलेले. पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, मग घाम, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं. यात जीवही जातो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली. श्रावण जरूर पाळावा, पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात त्याने आधी डॉक्टरांना भेटावं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ज्या काकांबद्दल तू बोललास, त्यांना हे नीट सांग. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार होतात, आणि १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. त्यांना एकट्याने जायला संकोच वाटला तर तू सोबत जा.

सुट्टीला येशील तेव्हा बाबांना चटईवर झोपवून कुशीवर कसं वळवायचं ते दाखवीन. मग तुझ्याबरोबरच्या मुलांनाही शिकव.

तुझी,
आई