ओंडक्यांच्या फटींत सिमेंट नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

अमेरिकेतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. फर्न लेकच्या काठची १९२५ सालची, वनरक्षकांच्या गस्तीची ओंडक्यांची चौकी ऑक्टोबर २०२० मधल्या ईस्ट ट्रबलसम वणव्यात जळाली, ही हळहळ योग्यच. पण उरलेल्या चौक्या टिकवायला 'फटींत सिमेंट भरून वर वॉर्निश मारावे' असे जे सुचवले आहे, त्याने त्या लवकर जातील.

या चौक्यांचा खरा घात पाण्याने होतो. भिंतीला टेकलेला बर्फ महिनोन्‌महिने तसाच असतो. उन्हाळ्यात पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून तळाच्या ओंडक्यावर उडते. लाकूड सतत ओले राहिले की बुरशी धरते. ओंडका हवेतल्या ओलीप्रमाणे फुगतो, आकसतो. सिमेंट जागचे हलत नाही. मग दोहोंमध्ये केसाएवढी चीर पडते. पाणी तिच्यातून आत जाते, पण सुकायला वाव मिळत नाही. वरून ओंडका धडधाकट दिसतो आणि टोच्या मात्र लोण्यात जावा तसा आत जातो. वॉर्निशचे पापुद्रे सुटले की त्याखालीही ओल कोंडते.

म्हणून आधी भोवतीची साचलेली माती काढून तळाचा ओंडका जमिनीपासून वीतभर तरी वर, दगडावर घ्यावा. आपल्या वाड्यांतले खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभे असतात, ते याचसाठी. कूज वरवरची असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत तासून त्याच जातीचा तुकडा बसवावा. अख्खा ओंडका बदलायचा असेल तर भिंतीला आडव्या तुळया बांधून स्क्रू जॅकने ती उचलावी, तीही चारी बाजूंनी थोडी थोडी. घाई केली की दारे-खिडक्यांच्या चौकटी तिरक्या होतात आणि धुराड्याभोवतीचा पत्रा फाटतो. नवा ओंडका साल काढून वाळवलेला हवा. सालीखाली कीड आणि पाणी दोन्ही राहतात. कोपऱ्यातली खाच वरच्या ओंडक्याच्या पोटाला घ्यावी. खालच्याच्या पाठीला घेतली तर तिची वाटी होते आणि पाणी साठते.

फटींसाठी चिरलेल्या बारीक काठ्या उत्तम, पण खिळे एकाच ओंडक्यात ठोकावेत, म्हणजे दुसरा हलायला मोकळा राहतो. गिलावा हवाच असेल तर मऊ, चुन्याचा. त्याची खालची कड ओंडक्याच्या बाहेर येऊ देऊ नये.

या उद्यानाचा बहुतेक भाग २००९ पासून कायद्याने वाइल्डरनेस, म्हणजे नैसर्गिक स्थितीत राखलेले रान, आहे. तिथे यंत्रकरवत सहसा चालत नाही. दोघांनी ओढायची करवत, वाकस आणि सामानाला खेचरे, असे हे काम चालते. त्याला वेळ लागतो, पण शंभर वर्षांपूर्वीच्या सुतारकामाला तेवढा वेळ द्यायलाच हवा. सिमेंट आधीच भरले असेल तर पहिल्या कोरड्या हंगामात ते छिन्नीने, ओंडक्याला धक्का न लावता, काढून टाकावे.

– एक वाचक, नाशिक