वयाच्या माथी मारू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि दोनदा वाचलं. गुडघा दुखतो म्हणून फिरणं बंद केलंस, जिना टाळतोस, रात्री तीनला जाग येते आणि पूर्वीसारखं कशात मन रमत नाही. एवढं सगळं लिहून खाली एका ओळीत निकाल देऊन टाकलास, "पन्नाशी उलटली, आता हे असंच चालायचं." ती ओळ मला फार बोचली. फोनवर तू तब्येतीचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी काढतोस, म्हणून हे बसून सविस्तर लिहितो आहे. सावकाश वाच.

वय होतं, हे मी नाकारत नाही. चाळिशीत डोळ्यांतलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. तिथे कुणाचंच काही चालत नाही. पण तू लिहिलेल्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी वयामुळे झालेल्या नाहीत. काही वापर थांबल्यामुळे झाल्या आहेत, तर काहींची कधी तपासणीच झालेली नाही. सगळं वयाच्या माथी मारलं की मन शांत होतं खरं, पण उपाय करायचा राहून जातो. मला त्याचीच काळजी वाटते.

आधी गुडघा. झीज झाली आहे म्हणून तो जपून ठेवायचा, असा तुझा समज दिसतो. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो तो सांध्यावर दाब पडल्यामुळे आणि सुटल्यामुळे, म्हणजेच आपल्या चालण्यामुळे, उठण्या-बसण्यामुळे. शिवाय सांध्यावर येणारा ताण मांडीचे स्नायू पेलतात. दुखतं म्हणून चालणं सोडलं की मांडी बारीक होते आणि मांडी बारीक झाली की गुडघा आणखी दुखतो. या चक्रातून बाहेर पडायचं तर ताकद वाढवावी लागते, म्हणून अशा गुडघेदुखीत व्यायाम हाच पहिला उपचार मानतात. मात्र सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव आणि त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडे जा.

स्नायूंबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्या वयाचे लोक रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर तासभर बोलतात आणि स्नायूंचं नावही काढत नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. त्यातही चपळ हालचालींचे तंतू आधी आणि जास्त घटतात. ठेच लागल्यावर क्षणात पाय पुढे टाकून तोल सावरणारे तंतू तेच असतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं कामही स्नायूच करतात. म्हणजे मांडी बारीक होणं ही फक्त मांडीची गोष्ट राहत नाही.

आणि ताकद परत येते! मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला तुला सांगायचाच होता. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या, अंगाने खंगलेल्या दहा जणांना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. एका पावलाला दुसरं पाऊल लावत चालण्याचा त्यांचा वेगही जवळपास दीडपट झाला. माणसं नव्वदीची होती, मित्रा. तू त्यांच्या निम्म्याहून थोडाच पुढे आहेस.

"आता चयापचयच मंदावलं" असंही तू लिहिलं आहेस. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली २९ देशांतल्या ६,४००हून अधिक माणसांची मोजमापं एकत्र मांडली. त्यात अगदी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची माणसं होती. शरीराचं आकारमान आणि घडण हिशेबात घेतली, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. पोट सुटण्याचा दोष चयापचयाला देता येईल असं मला त्यामुळे वाटत नाही. हालचाल कमी झाली, झोप बिघडली आणि ताट तेवढंच राहिलं, हेच कारण जास्त खरं असावं.

काय करायचं ते सांगतो. भिंतीला टेकवलेली एक घट्ट खुर्ची घे. दोन्ही हात छातीशी बांध, पाय जमिनीवर नीट रोव आणि हाताचा आधार न घेता उठ. मग बस, पण अंग टाकून बसू नकोस. मनात तीन आकडे मोजत खाली ये. सगळं काम त्या सावकाश खाली येण्यात आहे, मांडी तिथेच तापते. जमतील तेवढ्या वेळा कर, शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. श्वास रोखून धरायचा नाही, उठताना सोडायचा. सोपं वाटायला लागलं की हातात वजन घे. त्याच्या जोडीला भिंतीवर हात टेकवून छातीचा व्यायाम आणि जड पिशवी उचलून ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्यातून निदान दोन दिवस असा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे आणि त्याशिवाय १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत झपाझप चालणं त्यात बसतं. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर सुरुवातीला डॉक्टरांना विचारून घे.

तोलाकडे कुणी लक्षच देत नाही. दात घासताना बेसिनला एक हात लावून एका पायावर उभा राहा, मग हळूच हात काढ. २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा. दहा सेकंद एका पायावर ज्यांना उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पण शरीराचा कारभार कसा चालला आहे याचा अंदाज त्यातून येतो.

दहा हजार पावलांचा धाक मात्र मनातून काढून टाक. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा २०१९ सालचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही, २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. तू आज जेवढा चालतोस त्याच्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच लक्ष्य ठेव. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांतल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिना चढत नव्हते, ते त्यांचं काम होतं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

खाण्याबद्दल तुला सगळं ठाऊक आहे, त्यामुळे एकच सांगतो. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू देत, नुसता व्यायाम करून स्नायू बनत नाहीत. आणि तंबाखू, ती कुठल्याही रूपात असो, आता बंदच.

झोपेचं मात्र नीट बघायला हवं. तू घोरतोस आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, हे वहिनी मागे म्हणाल्या होत्या. ती थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार असू शकतो. त्यात रात्रभर झोप तुटत राहते, दिवसा ग्लानी येते, रक्तदाब वाढतो. त्याची तपासणी होते आणि उपचारही आहेत. रात्री दारू घेतली की झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते, तेही लक्षात असू दे. रक्तदाब घरीच मोजत जा. तो वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, यातच त्याचा धोका आहे.

माझ्या वडिलांचं तुला सांगायचं राहून गेलं. मधली काही वर्षं सगळे म्हणायचे, ते अबोल झाले, तिरसट झाले, वय झालं. चार माणसांत बसले की सगळे हसले की हसायचे, पण अर्धा क्षण उशिरा. एकदा मी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होतो, तेव्हा ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता ओठांकडे बघत होते. कान तपासले, यंत्र लावलं. पहिल्या दिवशी ते घरभर फिरत होते. नळाची धार, वर्तमानपत्राच्या पानांची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं थांबून ऐकत होते. काही आठवड्यांतच ते पूर्वीसारखे वाद घालायला लागले! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण ज्यांवर काही करता येतं अशी १४ कारणं मांडली. जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि एकाकीपणाबरोबर मध्यम वयातला बहिरेपणाही आहे. चष्मा लावायला आपण लाजत नाही. कानाच्या यंत्रालाही तसंच सहज घेतलं पाहिजे.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. कशात मन रमत नाही, असं तू लिहिलंस. त्याआधी गुडघ्यावर अर्धं पान आणि यावर जेमतेम एक वाक्य. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच असं वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला पन्नाशीचा स्वभाव समजू नकोस. कधी कधी थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता असली तरी असं होतं, तीही रक्ततपासणीत कळते. डॉक्टरांना गुडघ्याच्या आधी हे सांग. एकट्याने जायला नको वाटत असेल तर मी येतो, रजा काढून येतो. आणि जगणंच नकोसं झाल्याचा विचार कधी डोक्यात आला, तर रात्र आहे की पहाट हे न बघता मला फोन कर.

या वयात माणसं दुरावतात ती भांडून नाही. मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची आजारपणं, कामाचा रगाडा, आणि "निवांत भेटू" म्हणता म्हणता वर्ष जातं. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. त्यातली माणसं तरुण होती तेव्हापासून म्हातारपणापर्यंत त्यांची तब्येत, नोकरी, संसार यांची नोंद ठेवली गेली. पन्नाशीत आपल्या नात्यांत जे सर्वांत समाधानी होते, तेच ऐंशीत सर्वांत निरोगी निघाले. ज्युलियन होल्ट-लनस्टाड यांनी २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र धरून पाहिलं, तेव्हा ज्यांचे माणसांशी बंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणून मैत्रीलाही व्यायामासारखा वार आणि वेळ लागतो, असं माझं ठाम मत झालं आहे. सवड मिळेल तेव्हा बोलू, असं म्हटलं की ते बोलणं होत नाही. तू आणि मी रविवारी सकाळी बोलायचं, आणि चालत चालत बोलायचं. तू तिकडे चाल, मी इकडे चालतो.

एक आशेची गोष्ट सांगू? लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे की वय वाढतं तशी माणसं राग, चिंता, चिडचिड यांत कमी अडकतात. हाताशी वेळ थोडा आहे हे कळलं की ती आपली माणसं आणि आवडीची कामं निवडून घेतात. पुढच्या वर्षांत फक्त उतारच आहे, असं मला अजिबात वाटत नाही.

वहिनींबद्दलही लिहितो. पाळी थांबण्याच्या आसपास झोप मोडते, एकदम घाम फुटतो, चिडचिड होते. ते सगळं सोसायलाच हवं असं नाही, त्यावरही उपचार आहेत. त्यानंतरच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. खुर्चीचा व्यायाम दोघांनी मिळून केलात तर फारच उत्तम.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि कोणता वार ठरला ते मला लगेच कळव, म्हणजे मला रजा टाकता येईल. रक्तदाबाचे आकडेही लिहून ठेव. रविवारी सात वाजता मी फोन करतो, बूट घालून तयार राहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र