ते लुगर जर्मन लष्कराचे नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत एका जुन्या घरातल्या लुगर पिस्तुलाचे छायाचित्र ‘जर्मन लष्कराचे पिस्तूल’ म्हणून छापले आहे. सैन्यात आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम केलेल्या मला ते पटत नाही. क्रमांक पाच आकडी दिसतो, चेंबरवर (काडतूस बसते त्या भागावर) साल नाही, शेजारी मुकुटाखाली ‘एन’ हा ठसा आहे. हा बाजारात विकण्याच्या पिस्तुलावर चाचणीनंतर मारत.

१९१० पासूनच्या लष्करी लुगरच्या चेंबरवर बहुधा साल असते, उजव्या अंगाला तपासनिसांचे बारीक ठसे. क्रमांक चार आकड्यांच्या पुढे जात नाही; दहा हजारांना पोचले की खाली एक अक्षर मारून मोजणी पुन्हा सुरू. वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावरचे ‘डीडब्ल्यूएम’ हे जर्मन कारखान्याचे चिन्ह पाहून मात्र निकाल देऊ नये, ते दोन्ही प्रकारांवर सापडते.

गोव्यात आणखी एक शक्यता तपासायलाच हवी. पोर्तुगालने १९०९ च्या सुमारास आपल्या सैन्यासाठी लुगर घेतली. कॅलिबर (नळीचा व्यास) ७.६५ मिमी, जर्मन सेनेचे ९ मिमी नव्हे. चेंबरवर दुसऱ्या मॅन्युएल राजाची मुकुटासह मुद्रा. म्हणजे बांधणी जर्मन, शस्त्र लष्करी, पण सेना दुसरीच!

परवानाधारकांना कळकळीची विनंती: असे पिस्तूल पॉलिश करायला देऊ नका. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरले की ठशांच्या कडा जातात आणि नंतर भिंगाखालीही काही वाचता येत नाही. आपणही छायाचित्राची ओळ दुरुस्त करावी.

— एक निवृत्त आर्मरर, फोंडा