सव्वा डॉलरचा फोटो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फोटो परत फिरत आला. चाड देशातल्या निर्वासित छावणीतली एक आई, तिची पाच पोरं आणि समोर मांडलेलं आठवड्याचं अन्न. खाली मोठ्या अक्षरात 'आठवड्याचा खर्च १.२३ डॉलर', हात जोडलेले इमोजी आणि 'ताटात टाकू नका'. आत्या, मावशी, साडू, सगळ्यांनी पुढे ढकलला.

फोटो खरा आहे. पीटर मेंझेल हे अमेरिकन फोटोग्राफर आणि त्यांच्या पत्नी फेथ डी'अलुझिओ यांनी २४ देशांतल्या ३० घरांत जाऊन आठवड्याचं खाणं असं मांडून फोटो काढले, २००५ ला त्याचं पुस्तक आलं. त्यात जर्मनीतल्या एका घराचा खर्च ५०० डॉलर आहे, आपल्या उज्जैनच्या घराचा ३९ च्या आसपास, मेक्सिकोच्या घरात तर दोन-दोन लिटरच्या कोकच्या बाटल्यांची रांगच लागलीय. ते फोटो बघत बसलं की तास कसा जातो कळत नाही.

पण ते १.२३ म्हणजे त्या बाईनं स्वतःच्या पैशानं बाजारातून जे किरकोळ घेतलं तेवढंच. बाकी ज्वारी, डाळ, तेल, मीठ, साखर हे छावणीतलं रेशन, आणि बाजारभावानं त्याचे चोवीसेक डॉलर होतात असं पुस्तकातच दिलंय, पण फॉरवर्ड करताना ती ओळ गळाली. ही माणसं सुदानच्या दारफूरमधून जीव घेऊन पळालेली, तिकडं बहुतेकांची शेती नाहीतर गुरंढोरं, आणि आता दुसऱ्यानं मापून दिलेल्या धान्यावर दिवस काढायचे. आकडा बघून आपण चुकचुकतो, गाव का सोडलं ते कोण विचारत नाही.

आणि ती ज्वारी बघून मला कसंतरीच झालं, आपलीच की हो ती! तिकडं पिठाचा घट्ट घाटा करून पातळ कालवणाबरोबर खातात, आपण भाकरी थापतो, एवढाच फरक.

मग मी म्हटलं आपलंपण मांडून बघू. हॉलमध्ये चादर टाकून माळवं, दूध पिशव्या, शेंगदाणे, अंडी सगळं काढलं, बिस्किटाचे पुडेच अकरा निघाले (नातू!). मिसेस म्हणाली आधी उचला ते, मला केर काढायचाय. हिशोब करायला बसलो तर ज्वारीपाशी गाडी अडली, कारण ती येते गावाकडनं भावाच्या रानातली, वर्षाची दोन पोती, पावती ना बिल. तूर तशीच. म्हणजे आमच्या फोटोखाली लिहायचा आकडापण निम्माशिम्माच निघाला असता.

आपल्या पुरवणीत हे फोटो कधी छापलेत तर रेशनची ओळ तेवढी घ्या.

— एक वाचक, बार्शी