पॅड बदललेस, पिस्टन राहिला

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा मेसेज मिळाला. सायकल नीट पोहोचली का ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. निघायच्या आदल्या रात्री जे झालं, त्यानंतर सायकलचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. "माझ्या सायकलला हात लावू नकोस" म्हणालास, तेव्हाच मी पाना खाली ठेवला. त्यावर आता काही बोलायचं नाही. पण काल गॅलरीतला स्क्रूंचा डबा आवरताना त्यात तुझे काढून टाकलेले ब्रेक पॅड सापडले, मागच्या ब्रेकचे. ते बघितल्यापासून मला गप्प बसवत नाहीये.

ते दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवून बघितलेस का रे? उजव्यावर अजून दीड मिलिमीटर लायनिंग शिल्लक आहे. डाव्यावर काहीच नाही, नुसती लोखंडी पट्टी, तीही चकचकीत घासलेली. मधल्या स्प्रिंगचा डावा पाय चाकाच्या डिस्कला लागून लागून एवढा पातळ झालाय की बोटाने दाबला तर वाकतो. अशा ब्रेकवर तू किती दिवस फिरत होतास, हे मी विचारणार नाही.

पॅड बदललेस हे चांगलंच केलंस. पण ते का झिजले? कॅलिपर, म्हणजे डिस्कवर बसणारा ब्रेकचा चिमटा, तिरका बसला असता तर पॅडही तिरका झिजला असता, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. मी व्हर्नियर लावून मोजलं, डावा पॅड सगळीकडे सारखा संपलाय. म्हणजे कॅलिपर सरळ आहे आणि पॅडला डिस्ककडे ढकलणारा डाव्या बाजूचा, बाहेरचा पिस्टन ब्रेकचा लिव्हर सोडल्यावर मागे सरत नाहीये. तू ब्रेक दाबलेला नसतानाही तो पॅड डिस्कला टेकवून ठेवतोय. नवे पॅड घातल्यावर आवाज थांबला असेल, लिव्हरही बोटाला बरा लागत असेल. पण पिस्टन तोच आहे. नवा डावा पॅडही त्याच वाटेने जाणार.

फोनवर हे सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि मला कळतं की तू दुसरं काहीतरी करतोयस. म्हणून लिहिते. एकदा सगळं नीट सांगून टाकते म्हणजे मलाही झोप लागेल.

मागचं चाक काढ. पॅड काढून स्वच्छ कागदात गुंडाळून लांब ठेव. त्यांना तेलाचा हात लागला तर ते गेलेच, कितीही घासलेस तरी पहिल्यासारखे धरत नाहीत. आता लिव्हर अगदी हळू दाब आणि पिस्टनांकडे बघत राहा. एक पटकन पुढे येईल, दुसरा अडून बसेल. पुढे येणाऱ्याला प्लास्टिकच्या टायर लिव्हरने, टायर उचकटायच्या पट्टीने, धरून ठेव, म्हणजे सगळा दाब अडलेल्यावर जाईल. तो दोन-तीन मिलिमीटर बाहेर आला की थांब. त्याच्या पुढे नेऊ नकोस, पिस्टन निसटला तर सगळं तेल खाली. बाहेर आलेल्या भागावर काळा थर दिसेल, तोच तुझा शत्रू. कानकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून गोल गोल फिरवून तो पुसून काढ. तुझे पिस्टन सिरॅमिकचे आहेत, त्यांना स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, टवका उडतो. मग कडेने मिनरल ऑइलचा एक थेंब सोड आणि टायर लिव्हर आडवी धरून पिस्टन सरळ आत ढकल. परत बाहेर, परत आत, दोघं बरोबर हलायला लागेपर्यंत. घाई करू नकोस. तुझ्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे हे तुला माहीत आहे, तरी लिहिते: कुणी मित्राने डॉट फ्लुइड, म्हणजे दुसऱ्या जातीचं ब्रेकचं द्रव, दिलं तर ते चुकूनही लावायचं नाही, आतली रबरं फुगतात आणि मग सगळा ब्रेकच बदलावा लागतो.

एवढं करूनही पिस्टन मागे जात नसेल तर आतली रिंग गेली समज. ती चौकोनी कडेची रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती पिळली जाते आणि दाब सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला थोडंसं मागे ओढते. मागे आणण्याचं काम तिचंच. ती कडक झाली तर तेल घालून काही उपयोग नाही. सुटी रिंग शोधत बसू नकोस, कॅलिपरच बदल.

हे लिहिताना तुझा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. "आई, मला येतं हे." येतंच. तुला काय काय येतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मी तुला सांगितलं नव्हतं, मुद्दाम. तू पाना घेऊन घामाघूम होईपर्यंत झगडलास, मग उठून उजवं पायडल काढलंस, त्याचे आटे नीट बघितलेस आणि एक अक्षर न बोलता पाना उलटा फिरवलास. आजोबा खिडकीतून बघत होते. त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, याला आता शिकवू नकोस, याच्या शेजारी नुसती बस. तेव्हापासून मी तेच करत आले. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मी नुसती बसायचे. फ्रेमला प्लास्टिकचा टाय बांधून, त्याचं टोक रिमपासून केसभर लांब ठेवून तू पाव पाव आटा आऱ्याचं निप्पल फिरवायचास आणि मला म्हणायचास, बोलू नकोस, मोजतोय.

आणि ते हँगर, डिरेलर अडकवायची पट्टी, मोडलं तेव्हाचं. दगडाला आपटून गिअर बदलणारा मागचा डिरेलर आऱ्यांमध्ये गेला आणि तू फोन केलास. बाबा गाडी काढायला उठलेसुद्धा. तू म्हणालास, कुणी येऊ नका, फक्त उशीर होईल एवढंच सांगतोय. डिरेलर काढून खिशात टाकलास, चेन तोडून आखूड केलीस, मधल्या दात्यावर सरळ रेषेत बसवून क्विक लिंकने जोडलीस आणि एकाच गिअरवर अंधार पडायच्या आत घरी आलास. हात कोपरापर्यंत काळे. मी तुला काही म्हटलं नाही तेव्हा, पण मावशीला, काकाला, सगळ्यांना फोन करून सांगितलं. चेनब्रेकर सोबत ठेवणारी माणसं किती असतात? आणि ठेवून तो वापरता येणारी?

म्हणूनच मला कळत नाही, ज्याला हे सगळं सुचतं त्याला ते दोन पॅड शेजारी ठेवून बघावेसे का वाटले नाहीत. काढले, डब्यात टाकले, नवे घातले आणि चालू. काढलेला भाग नव्यापेक्षा जास्त बोलतो, मनू. कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या जुडग्याचे, दात, चेन, टायरची कड, सगळं काढल्यावर आधी हातात धरून बघायचं असतं. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन घातली की जोर दिल्यावर ती घसरते, आणि लोक चेनला दोष देतात. चेन अर्धा टक्का लांबली असं चेनमापक दाखवायला लागलं की तुझ्या बारा स्पीडची चेन बदलायची, पाऊण टक्क्याची वाट बघितलीस की कॅसेटही घालवलीस. टायरमधलं सीलंट, पंक्चर बुजवणारं द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून ऐकायचं, आत पाण्यासारखा आवाज आला पाहिजे. आला नाही तर ते सुकलंय आणि तू पंक्चरची वाट बघतोयस.

बघ, सुरू झाले मी. माफ कर. तू विचारलेलं नसताना सांगण्याची ही सवय तुला आवडत नाही, मला माहीत आहे. आदल्या रात्रीही तुला तेच बोचलं असणार.

पण तू एकटा जातोस. खरं सांगायचं तर पॅड हातात घेतल्याबरोबर मनात आलं ते हेच. चढावर मला काही वाटत नाही. चढावर माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो. उतारावर मागचा ब्रेक आधीच घासत असेल तर तो तुझ्या नकळत तापत राहतो. आतलं तेल तापून वाफ धरायला लागलं की लिव्हर मऊ पडतो आणि हँडलपर्यंत येतो, हाताला काहीच लागत नाही. मग माणूस घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबतो. पुढचं चाक अडकलं की काय होतं हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. बाबा अजूनही वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की डावाच हात वर करतात.

लहानपणी तूच मला रीपॅकच्या शर्यतींबद्दल वाचून दाखवलं होतंस, आठवतं? कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये ती पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुटायची. मागच्या हबमधला ब्रेक पायडल उलटं दाबून लावायचा. खाली पोहोचेपर्यंत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि परत वर जाण्याआधी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. तुला त्यातला वेग आवडायचा. जो ब्रीझ नावाच्या एकाने १९७७ साली डोंगरासाठी म्हणूनच बांधलेल्या फ्रेमचं चित्र तू वहीच्या मागच्या पानावर काढलं होतंस. मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसायचं. एवढी बेफाम पोरं, पण खाली आल्यावर आधी ब्रेक उघडून बघायची. त्याशिवाय पुन्हा वर जात नव्हती.

म्हणून लांब उतारावर दोन्ही ब्रेक हलके धरून ठेवू नकोस. वळणाआधी ठामपणे दाब, वेग उतरव आणि सोडून दे. सोडलेल्या वेळात डिस्क गार होते. हेही तुला येतं. पण डावा पिस्टन सुटत नसेल तर तू लिव्हर सोडलास तरी तो सोडणार नाही, आणि डिस्कला गार व्हायला वेळच मिळणार नाही. मी फिरून फिरून त्याच पिस्टनवर येतेय, कळतंय मला.

डिस्क मात्र एकदा बघच. लोखंड लोखंडावर घासलंय म्हणजे तिच्यावर चरे पडले असणार. नख आडवं फिरव, ठिकठिकाणी अडकत असेल तर बदल. तुझ्या डिस्कवर बारीक अक्षरांत कमीत कमी जाडी १.५ मिलिमीटर लिहिलेली आहे, नवी होती तेव्हा ती १.८ होती. फरक डोळ्यांना दिसत नाही, मोजावाच लागतो. आपला व्हर्नियर पार्सलमध्ये ठेवते. मला इथे लागत नाही.

सगळं परत बसवल्यावर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट किंचित ढिले कर, लिव्हर दाबून धर आणि दाबलेलाच ठेवून बोल्ट आवळ, ६ ते ८ न्यूटन मीटर. चाक उचलून फिरव आणि कान लाव. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत आण, असं वीसेक वेळा. त्याशिवाय नवे पॅड पूर्ण ताकदीने धरत नाहीत. ते न करता डोंगरावर जाऊ नकोस. ही मात्र विनंती नाही.

मी चिडून लिहीत नाहीये. त्या रात्री तू म्हणालास की मला तुझ्यावर विश्वास नाही. असं नाहीये, बाळा. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, तुझ्या घाईवर नाही. तुझी सायकल तूच दुरुस्त कर, मी हात लावणार नाही. फक्त पिस्टन साफ केल्यावर दोन्ही सारखे हलले की नाही, एवढं एका ओळीत कळव. हलले नाहीत तर कुठल्या बाजूचा अडला तेही लिही, मग पुढचं बघू. आणि ते होईपर्यंत लांब उताराची वाट सोडून दे. सपाटीवर हवं तेवढं फिर.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, सुटा हँगर सोबत ठेवतोस का. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी मिळत नाही. मोडलेला इथे ड्रॉवरमध्ये आहे, हवा असेल तर नमुना म्हणून पाठवते.